जुने व्हिडिओ गेम संगणकावर : एम्युलेटर बसवण्यापासून खेळ सुरू होईपर्यंत

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या घरांमध्ये टीव्हीला जोडून खेळला जाणारा व्हिडिओ गेम बहुधा निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असे. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली बाजारात आला. आपल्याकडे त्याच्या नकला मीडिया, लिटिल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकल्या गेल्या, आणि आतली रचना सारखीच असल्यामुळे एका यंत्राची कॅसेट दुसऱ्यात बिनदिक्कत चाले. ती यंत्रे आता माळ्यावर किंवा भंगारात गेली आहेत. परंतु त्यांचे, आणि त्यांच्यानंतर आलेल्या मेगा ड्राइव्ह, गेम बॉय, प्लेस्टेशन यांचेही काम आजच्या साध्या संगणकाकडून करून घेता येते. त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. ज्यांनी ते कधीच हाताळलेले नाही अशांसाठी, विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक गृहीत धरून, पुढील क्रम मांडला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असली की पुढचा बराच गोंधळ टळतो. एम्युलेटरमध्ये खेळ नसतो. त्यात फक्त यंत्र असते. फॅमिकॉममधला १.७९ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाज निर्माण करणारे भाग आणि या सगळ्यांचे एकमेकांशी असलेले वेळेचे गणित एम्युलेटर सॉफ्टवेअरमधून उभे करतो. खेळ वेगळ्या फाइलमधून द्यावा लागतो, आणि काही यंत्रांना त्याशिवाय त्यांचे स्वतःचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, लागते. म्हणूनच खेळ नीट चालत नसेल, तर आधी खेळाच्या फाइलला दोष न देता आपण उभे केलेले यंत्र बरोबर आहे का हे तपासावे.

संगणक आणि फोल्डर

फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो, गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्स यांच्यासाठी दहा-बारा वर्षे जुना लॅपटॉपही पुरतो. पहिले प्लेस्टेशनही वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या बहुतेक संगणकांवर व्यवस्थित चालते. प्लेस्टेशन २ ची गोष्ट वेगळी आहे : त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीसीएसएक्स-२ या एम्युलेटरला ६४ बिट विंडोज आणि एसएसई ४.१ हा आज्ञासंच समजणारा प्रोसेसर किमान लागतोच, ८ जीबी मेमरी असावी लागते, आणि चित्र मोठे व स्वच्छ हवे असेल तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला पर्याय नाही. नवख्या माणसाने सुरुवात येथून करू नये.

लॅमिंग्टन रोडवर यासाठी सेकंड हँड लॅपटॉप घ्यायचा असेल, तर एम्युलेटर आणि एखादा मोफत खेळ पेन ड्राइव्हवर सोबत न्यावा. बहुतेक एम्युलेटर इन्स्टॉल न करता थेट फोल्डरमधून चालतात, त्यामुळे दुकानातच दहा मिनिटे खेळ चालवून पाहता येतो. चित्र अडखळत असेल तर लगेच लॅपटॉप नाकारू नये. दुकानदाराने नुकतेच विंडोज टाकलेले असते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप नीट वापरायला विंडोजला लागणारे सॉफ्टवेअर, राहून गेलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसले, तर नेमके हेच झाले आहे असे समजावे आणि ड्रायव्हर टाकून द्यायला सांगावे.

घरी आल्यावर डी ड्राइव्हवर, आणि तो नसेल तर सी ड्राइव्हवर, एक स्वतंत्र फोल्डर करावा व त्यात एम्युलेटर, खेळ, बायोस आणि सेव्ह असे चार उपफोल्डर ठेवावेत. प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये यातले काही ठेवू नये, कारण विंडोज तेथे साध्या प्रोग्रॅमला फाइल लिहू देत नाही आणि मग खेळातली प्रगती जतन होत नाही. फोल्डरची नावे रोमन लिपीतच द्यावीत. काही जुन्या एम्युलेटरना देवनागरी नावे वाचता येत नाहीत आणि ते ‘फाइल सापडली नाही’ एवढेच सांगून मोकळे होतात.

पहिला एम्युलेटर

या विषयावर कुणालाही विचारले तर अनेक यंत्रांचे एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चचे नाव पहिले ऐकू येते. ते सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण पहिल्या दिवशी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या मेनूतल्या शेकडो पर्यायांपैकी आपल्याला कोणते हवेत हे कळण्यासाठी आधी एक साधा एम्युलेटर वापरलेला असावा लागतो. फॅमिकॉमपासून सुरुवात करणाऱ्याने मेसेन घ्यावा. मूळ यंत्राशी प्रामाणिक राहण्याबाबत त्याचा लौकिक मोठा आहे, मेनू सरळ आहेत, आणि नव्या आवृत्तीत सुपर निन्टेंडो, गेम बॉय व गेम बॉय ॲडव्हान्स यांचीही सोय आहे. मेगा ड्राइव्ह मात्र त्यात नाही.

एम्युलेटर नेहमी त्याच्या कर्त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावरील त्यांच्या पानावरून घ्यावा. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरात असते, आणि लोकप्रिय एम्युलेटरच्या नावाची हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे असतात. मेसेन मोफत आहे; त्याच्या नावाने पैसे, मोबाइल क्रमांक किंवा आणखी एखादा प्रोग्रॅम बसवण्याची परवानगी मागितली गेली तर तेथून परत फिरावे. उतरवलेली झिप फाइल पूर्ण उघडून, म्हणजे ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून, आपल्या फोल्डरमध्ये ठेवावी. झिपच्या आतूनच प्रोग्रॅमवर क्लिक केल्याने सेटिंग्ज हरवतात.

पहिल्यांदा उघडल्यावर मेसेन दोन गोष्टी विचारतो : आपली माहिती कोठे साठवायची आणि कंट्रोलर कोणत्या प्रकारचा आहे. माहिती मेसेनच्याच फोल्डरमध्ये साठवण्याचा पर्याय घेतला, तर तो फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येतो. कंट्रोलर अजून घेतला नसेल तर कीबोर्डवरील बाणांच्या कळांचा संच निवडावा. त्यानंतर फाइल मेनूतून खेळाची फाइल उघडली की खेळ सुरू होतो.

खेळाची फाइल कुठून आणावी

पहिली चाचणी अशा खेळावर घ्यावी ज्याच्या कर्त्याने तो स्वतःहून मोफत दिलेला आहे. जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहिले जातात आणि त्यांना होमब्रू म्हणतात. फॅमिकॉमसाठी ‘नोव्हा द स्क्विरल’ आणि गेम बॉयसाठी ‘टोबू टोबू गर्ल’ हे दोन्ही मोफत आहेत, त्यांच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही (सोर्स कोड) सर्वांना खुला आहे, आणि मेसेनमध्ये ते लगेच चालतात. असा खेळ चालला की आपले यंत्र बरोबर उभे राहिले याची खात्री होते, आणि पुढे दुसरी एखादी फाइल चालली नाही तर दोष कुठे शोधायचा हे कळते.

लहानपणी खेळलेल्या व्यापारी खेळांचे काय, हा प्रश्न लगेच येतो. एम्युलेटर हे सॉफ्टवेअर स्वतःहून बेकायदेशीर नाही. प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून सोनीने कनेक्टिक्सविरुद्ध लढलेल्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. मात्र निन्टेंडो स्विचच्या यूझू या एम्युलेटरच्या कर्त्यांना २०२४ साली निन्टेंडोशी तडजोड करून २४ लाख डॉलर द्यायचे कबूल करावे लागले आणि काम बंद करावे लागले. त्यामुळे सध्या बाजारात असलेल्या यंत्रांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये हे बरे. खेळ जुना झाला म्हणून त्यावरील हक्क संपत नाही. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ प्रमाणे संगणकीय प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याला ती हरवण्यापासून किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. ही सवलत मर्यादित आहे, आणि दुसऱ्याने नेटवर टाकलेली फाइल उतरवून घेणे तिच्यात बसत नाही.

येथे मुंबईकरांच्या आठवणीला थोडा धक्का बसेल असा एक मुद्दा आहे. ‘९९९९९९९ इन वन’ असे छापलेल्या ज्या पिवळ्या-काळ्या कॅसेट आपण हौसेने घेतल्या, त्या मुळातच विनापरवाना प्रती होत्या. कॅसेट पैसे देऊन घेतली आणि ती अजून कपाटात आहे, एवढ्यावर आपल्याकडे कायदेशीर प्रत आहे असे म्हणता येत नाही. परवान्याने विकलेल्या मूळ कॅसेट आणि डिस्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांची बाजू मजबूत आहे.

मूळ कॅसेटमधून फाइल काढण्यासाठी यूएसबीने जोडले जाणारे कार्ट्रिज रीडर मिळतात. विकत घेण्याआधी तो आपल्या कॅसेटचा आकार घेतो का हे पाहावे, कारण फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात आणि त्याच्याच अमेरिकी व युरोपीय रूपाच्या, म्हणजे एनईएसच्या, कॅसेटला ७२. मुंबईच्या दमट हवेत पिनांवर गंज धरतो. त्यावर फुंकर मारण्याची जुनी सवय सोडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पिना पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. बाहेर आलेल्या डॉट एनईएस फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचा मजकूर असतो, आणि कॅसेटच्या आत कोणत्या प्रकारचे सर्किट आहे, म्हणजेच मॅपर कोणता, हे तो एम्युलेटरला सांगतो. चित्र विस्कटलेले दिसले किंवा पडदा करडाच राहिला, तर हा मजकूर चुकलेला असण्याची शक्यता मोठी असते.

गती, चित्र आणि आवाज

मेसेनमध्ये ओळखीचा खेळ सुरू केल्यावर अनेकांना तो आठवणीपेक्षा वेगवान वाटतो. वयाला दोष देण्यापूर्वी एक सेटिंग पाहावे. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही एनटीएससी पद्धतीचे होते आणि तेथे यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे काढी. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे असल्यामुळे इथल्या बहुतेक नकला सेकंदाला ५० चित्रे काढत. कॅसेटमधला खेळ मात्र ६० चित्रांच्या हिशोबाने लिहिलेला असे. परिणामी जे मूळ यंत्रावर ६० सेकंदांत घडे, ते आपल्या घरात ७२ सेकंदांत घडे, आणि संगीतही तितकेच संथ चाले.

मेसेनच्या एनईएस सेटिंग्जमध्ये रीजनच्या यादीत एनटीएससी, पाल आणि डेंडी असे पर्याय आहेत. डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकलेचे नाव आहे, आणि नव्वदीतल्या आपल्या यंत्रांच्या वागण्याच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय तोच आहे. युरोपच्या अधिकृत यंत्रात प्रोसेसरची गतीही कमी होती, म्हणून पाल निवडल्यास आवाजाचा सूर खाली उतरतो. डेंडीमध्ये सूर जवळजवळ मूळचा राहतो आणि लय तेवढी मंदावते. खेळ कर्त्यांच्या मनात होता तसा अनुभवायचा असेल तर एनटीएससीच ठेवावे. मला स्वतःला एनटीएससी बरे वाटते, पण दादरच्या घरात सुट्टीभर खेळलेला तोच खेळ हवा असणाऱ्याला ते पटणार नाही, आणि त्याचेही चूक नाही. डेंडी निवडल्यावर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर चित्र हलकेसे अडखळते, कारण ५० चित्रे ६० जागांत सारखी बसत नाहीत. मॉनिटर किंवा टीव्ही ५० हर्ट्झवर चालत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तसा बदल करावा.

चित्राबाबत पहिली दुरुस्ती आकाराची. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते आणि जुन्या टीव्हीवर ते चारास तीन या प्रमाणात पसरे. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणून पूर्ण भरल्यास माणसे बुटकी व जाड दिसतात. म्हणून व्हिडिओ सेटिंगमध्ये प्रमाण ४:३ ठेवावे आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मान्य कराव्यात. चित्राच्या कडेला रंगांचे तुकडे लुकलुकताना दिसले तर तो बिघाड नव्हे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड जाणारा तो भाग ओव्हरस्कॅनमध्ये वरून आणि खालून ८ ओळी कापल्या की दिसेनासा होतो. टीव्हीच्या काचेसारखे चित्र हवे असेल तर फिल्टरही आहेत, पण ते शेवटी लावावेत.

आवाज तुटत असेल तर ऑडिओ सेटिंगमधील लेटन्सी, म्हणजे आवाज ऐकू येण्याआधी ठेवलेला विलंब, थोडी वाढवावी. पिस्तुलाने बदके मारण्याचा खेळ ज्यांना आठवतो त्यांनी जुने पिस्तूल शोधत चोर बाजार पालथा घालू नये. ते पिस्तूल जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या प्रकाशावर अवलंबून असे आणि आजच्या पडद्यावर चालत नाही. एम्युलेटरमध्ये ते काम माउस करतो.

कंट्रोलर

कीबोर्डवर चाचणी होते, खेळ होत नाही. यूएसबीचा साधा, वायरचा कंट्रोलर घ्यावा, आणि विकत घेताना दिशेची कळ दाबून पाहावी : सरळ वर दाबताना तिरपे दाबले जात असेल तर जुन्या खेळांसाठी तो निरुपयोगी आहे. एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर विंडोज आपोआप ओळखते. इतरांच्या बाबतीत मेसेनच्या इनपुट सेटिंगमध्ये प्रत्येक कळ स्वतः दाबून नेमून द्यावी लागते.

कळ दाबल्यावर उडी उशिरा बसते ही तक्रार नेहमीची आहे. संगणक टीव्हीला जोडला असेल तर आधी टीव्हीतला गेम मोड चालू करावा, कारण चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. ब्लूटूथऐवजी वायर वापरावी. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

प्लेस्टेशन आणि बायोस

डिस्कवर चालणाऱ्या यंत्रांकडे वळल्यावर दोन नव्या गोष्टी येतात. पहिली बायोस. पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन आणि दुसऱ्यासाठी पीसीएसएक्स-२ हे चांगले एम्युलेटर आहेत, परंतु दोघांनाही मूळ यंत्रातील बायोसची फाइल लागते. ती पहिल्या यंत्राची ५१२ केबी आणि दुसऱ्याची ४ एमबी असते. ही फाइल सोनीच्या मालकीची असल्यामुळे एम्युलेटरसोबत येत नाही, आणि ‘सगळे बायोस एकत्र’ देणाऱ्या संकेतस्थळांवरून ती घेऊ नये. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन २ अजून चालू आहे, त्यांना त्यावर होमब्रू प्रोग्रॅम चालवून स्वतःच्या यंत्राचा बायोस पेन ड्राइव्हवर काढता येतो. पहिल्या प्लेस्टेशनपुरता एक सरळ मार्गही आहे : रेट्रोआर्चमधील पीसीएसएक्स रीआर्म्ड या भागात बायोसची स्वतंत्रपणे लिहिलेली नक्कल आहे, आणि सगळे नसले तरी पुष्कळ खेळ तिच्यावर चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कची प्रत. संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये या डिस्क वाचता येतात. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडायचा मिळतो. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीचे डाग येतात. ते मऊ ओल्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावेत, गोल फिरवून नव्हे. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कची प्रत बिन आणि क्यू अशा दोन फाइलींत काढावी. क्यू ही छोटी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात बिन फाइलचे नाव लिहिलेले असते, म्हणून एकीचे नाव बदलले की जोडी तुटते. एम्युलेटरला नेहमी क्यू फाइल दाखवावी. नुसती बिन दाखवल्यास खेळ चालला तरी त्यातील संगीत अनेकदा गायब होते. प्लेस्टेशन २ च्या चंदेरी डिस्क डीव्हीडी असतात आणि त्यांची आयएसओ, म्हणजे सगळी डिस्क एकाच फाइलीत घेणारी, प्रत काढायची. खालून निळ्या दिसणाऱ्या डिस्क सीडी असतात, त्यांना बिन व क्यूच हवेत.

डकस्टेशन पहिल्यांदा उघडल्यावर बायोसचा फोल्डर, खेळांचा फोल्डर आणि कंट्रोलर क्रमाने विचारतो. त्यानंतर चित्राचे रिझोल्यूशन दुप्पट-तिप्पट केले की फरक लगेच दिसतो. मूळ यंत्रात त्रिमितीय आकृत्यांच्या कडा थरथरत, कारण ठिपक्याच्या अपूर्णांकापर्यंत जागा मोजण्याची त्याच्यात क्षमता नव्हती. डकस्टेशनमधील पीजीएक्सपी हा पर्याय ते गणित अधिक अचूकपणे करून थरथर घालवतो. एखाद्या खेळात चित्र फाटल्यासारखे दिसले तर तेवढ्या खेळापुरता तो बंद करावा.

रेट्रोआर्च केव्हा

तीन-चार यंत्रांचे खेळ जमले आणि प्रत्येकासाठी वेगळे सॉफ्टवेअर उघडण्याचा कंटाळा आला, की रेट्रोआर्च घ्यावे. त्यात प्रत्येक यंत्राचा एम्युलेटर ‘कोअर’ या नावाने वेगळा उतरवावा लागतो : मुख्य मेनूतील ऑनलाइन अपडेटरमधून कोअर घ्यायचा, लोड कोअरने तो निवडायचा आणि लोड कंटेंटने खेळ उघडायचा. मेगा ड्राइव्हसाठी जेनेसिस प्लस जीएक्स आणि गेम बॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए हे कोअर घ्यावेत. बायोसच्या फाइली सिस्टम नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. खेळ चालू असताना एफ-१ दाबले की मेनू परत येतो. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करत बसतात.

कोणताही एम्युलेटर घेतला तरी प्रगती जतन करण्याच्या दोन पद्धती वेगळ्या ओळखाव्यात. खेळाच्या आत असलेली सेव्ह ही कॅसेटच्या बॅटरीवर किंवा मेमरी कार्डवर लिहिली जाई तीच, आणि ती एका एम्युलेटरमधून दुसऱ्यात बहुधा नेता येते. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी यंत्रात असलेले सगळे जसेच्या तसे गोठवणे. कठीण टप्प्याआधी ती सोयीची असते, पण ती त्या एम्युलेटरशी आणि अनेकदा त्याच्या त्या आवृत्तीशी बांधलेली असते. म्हणून एम्युलेटरची नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी खेळाच्या आतून एकदा सेव्ह करावे, सेव्हचा पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवावा, आणि नव्या आवृत्तीत ती सेव्ह उघडते हे पाहिल्यावरच जुना एम्युलेटर पुसावा.